पुसलेले तळघर

दफ्तरातला कागद गहाळ झाला की चौकशी होते. गोष्ट गहाळ झाली तर कुणी विचारीत नाही. संगणकाच्या कोवळ्या इतिहासातही असेच घडले आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एकाने कथा सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे आणि पुढचे सारे फाशांवर. १९७५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात रस्टी रदरफोर्ड यांनी हा प्रकार एकट्याला खेळता येईल असा संगणकावर बसवला. तळघर, दालने, राक्षस आणि खजिना. लढा, मंत्र टाका किंवा पळा. पण ‘प्लेटो’ ही तिथली यंत्रणा शिक्षणासाठी होती. म्हणून संशोधनासाठी मिळालेल्या जागेत, ‘पी-एडिट-५’ अशा रुक्ष नावाखाली हा खेळ ठेवला गेला. व्यवस्थापकांना तो सापडला आणि त्यांनी तो पुसून टाकला. कुणीतरी नक्कल जपली होती, म्हणून तो आजही खेळता येतो.

पुढे १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी ‘रोग’ रचला. त्यात चित्रे नव्हती. राक्षस म्हणजे इंग्रजी मुळाक्षरे, भिंती म्हणजे रेघा. प्रत्येक डावात तळघर नव्याने घडे. सव्विसाव्या मजल्यावरचा येंडोरचा तावीज घेऊन जिवंत परतायचे, एवढेच ध्येय.

तावीज म्हटल्यावर आम्हांला ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ आठवणारच. तिथेही मायावी नगरी, पावलोपावली फसवे दरवाजे आणि तिलिस्म तोडण्याची किल्ली असलेली ‘लौह’. या दोहोंत थेट नाते आहे, असा दावा आम्ही करीत नाही. मात्र दोघांच्या नशिबात साम्य दिसते. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ४६ खंडांत छापली, म्हणून ती वाचायला तरी उरली. पण दिल्लीचे शेवटचे थोर दास्तानगो मानले गेलेले मीर बाकर अली १९२८ मध्ये गेले आणि त्यांच्या तोंडची रंगत जवळजवळ सगळीच त्यांच्याबरोबर गेली. छापलेले शब्द उरले, सांगण्याची कला तुटली. ती पुन्हा मंचावर यायला २००५ साल उजाडावे लागले.

‘हातिमताई’ आणि ‘गुलबकावली’ मराठीत आल्या, घरोघर वाचल्या गेल्या. तरी त्यांना वाङ्मयात मानाचे पान क्वचितच मिळाले. ‘वेळ फुकट घालवणारे’ हा शिक्का दास्तानीवर बसला, तसाच संगणकाच्या खेळावरही. विद्यापीठातल्या त्या व्यवस्थापकांचा हेतू वाईट नव्हता. यंत्र महाग होते आणि अभ्यास मोलाचा होता. परंतु काय टिकावे याचा निवाडा उपयुक्ततेच्या एकाच मापाने झाला, की पहिला बळी कल्पनेचा जातो.

आमच्या वस्त्यांतल्या दादी-नानींचे किस्से अजून कुणी पुसलेले नाहीत. फक्त कुणी उतरवून घेतलेले नाहीत. नक्कल करून ठेवणारा एक जण तिथे होता. इथे ते काम आपल्यालाच करायचे आहे, आणि सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.