चित्रपटाची प्रत : हाताळणी व प्रक्षेपणातील जपणूक

चित्रपटगृहात दाखवली जाणारी 35 मिलिमीटर फिल्मची प्रत खराब होण्यात काळापेक्षा हाताळणीचा वाटा मोठा असतो. ही पट्टी प्रोजेक्टरमधून मिनिटाला 90 फूट वेगाने जाते. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटासाठी सुमारे 13,500 फूट पट्टी आणि 2 लाख 16 हजार चौकटी दर खेळाला उलगडल्या जातात, यंत्रातून ओढल्या जातात आणि पुन्हा गुंडाळल्या जातात. जाणत्या ऑपरेटरच्या हाती हीच प्रत शेकडो खेळ टिकते. निष्काळजी हाती पहिल्याच दिवशी तिची नासाडी होऊ शकते.

पट्टीच्या चकचकीत बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकचा पाया असतो आणि मंद बाजूला जिलेटीनचा थर, म्हणजेच इमल्शन. चित्र या थरात असते. ओरखडा कुठल्या बाजूला पडला आहे, हे पडद्यावरच ओळखता येते. पायावरच्या ओरखड्यापाशी प्रकाश विखुरतो आणि काळी रेघ दिसते. रंगीत प्रतीच्या इमल्शनला वरवर खरचटले, तर सर्वांत वरचा किरमिजी थर निघून जातो आणि रेघ हिरवी दिसते. घाव त्याखालच्या निळसर थरातून गेला की ती पिवळी होते आणि पायापर्यंत पोहोचला की पांढरी. अशा उभ्या रेघा दाटल्या की पडद्यावर पाऊस पडल्यासारखे वाटते. काळ्या रेघा पुढे नवी प्रत काढताना द्रवात बुडवून केलेल्या छपाईने बऱ्याच अंशी झाकता येतात, कारण तो द्रव खाच भरून काढतो. इमल्शनबरोबर खरवडून गेलेले चित्र मात्र त्या प्रतीत परत आणता येत नाही.

यंत्रातला सर्वांत नाजूक टप्पा म्हणजे गेट. येथे प्रत्येक चौकट प्रकाशासमोर क्षणभर स्थिर राहते आणि मग सुमारे एक शतांश सेकंदात 19 मिलिमीटर खाली खेचली जाते. सेकंदाला 24 वेळा बसणारा हा हिसका चौकटीच्या कडेची चार-चार छिद्रे सोसतात. गेटच्या वर आणि खाली पट्टीचा सैल वळसा, म्हणजे लूप, ठेवलेला असतो तो याचसाठी. लूप सुटला की सारा ताण छिद्रांवर येतो आणि काही क्षणांत कित्येक फूट कड फाटते. दातेरी चाकांचे दाते झिजून आकड्यासारखे वाकले, तर ते छिद्रातून सरळ बाहेर न येता कड उचकटतात. नव्या प्रतीचे जिलेटीन ओलसर व मऊ असते. गेटच्या पट्ट्यांवर त्याची पुटे चढतात, वाळून कडक होतात आणि पुढचे सगळे रीळ ओरबाडतात. म्हणून दर रिळानंतर गेट पुसावे लागते. पुटे काढायला लाकडाची किंवा पितळेची पट्टी वापरतात, पोलादी पाते कधीच नाही. त्याने गेटवर पडलेला चरा पुढच्या प्रत्येक प्रतीवर उमटत राहतो.

तरीही बरेचसे नुकसान यंत्रात होत नाही, ते गुंडाळण्याच्या टेबलावर होते. सैल गुंडाळलेले रीळ घट्ट करण्यासाठी पट्टीचे टोक धरून ओढण्याची सवय सर्वांत घातक ठरते. ओढताच आतले वेढे एकमेकांवर घसरतात आणि मधला धूळकण सँडपेपरसारखा काम करतो. त्याने उठणारे आखूड, तुटक ओरखडे पाहिले की दोष प्रोजेक्टरचा नव्हे, हे कळते. यावर उपाय साधा आहे: रीळ पुन्हा उलगडायचे आणि एकसारख्या ताणाने, सावकाश गुंडाळायचे. गुंडाळताना सुती हातमोजा घालून बोटे फक्त कडांना लावतात. फाटलेले छिद्र किंवा उखडलेला जोड त्या स्पर्शानेच हाताला कळतो. वाकड्या स्पूलची कड घासत असेल, तर तो स्पूल बाजूला काढणेच बरे.

जोड देताना प्रत थोडी थोडी तोकडी होत जाते. फिल्म सिमेंट या चिकटद्रवाने जोडायचे तर इमल्शन खरवडावे लागते आणि एखादी चौकट गमवावी लागते. ध्वनी वाचणारा भाग गेटच्या खाली असल्यामुळे ध्वनी चित्राच्या सुमारे 20 चौकटी पुढे छापलेला असतो. त्यामुळे जोडापाशी आधी चित्र उडी घेते आणि जवळजवळ एका सेकंदाने आवाज तुटतो. रीळ बदलण्याची खूण म्हणून चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपके छापलेले असतात. पहिली खूण रीळ संपण्याच्या सुमारे आठ सेकंद आधी येते, दुसरी सुमारे एक सेकंद आधी. तेवढ्यावर भरवसा न ठेवता टोच्याने स्वतःची फुली किंवा भोक पाडणारे ऑपरेटर प्रत्येक रिळाच्या शेवटी कायमचा व्रण ठेवून जातात. अशा व्रणांमुळे आणि हाताळणीमुळे जुन्या प्रतीत रिळाची दोन्ही टोके मधल्या भागापेक्षा जास्त झिजलेली आढळतात.

भारतात एकच प्रत दोन चित्रपटगृहांत चालवण्याची आणि रिळे सायकलवरून पोहोचवण्याची पद्धत होती. शहरांत खेळ संपले की झिजलेली प्रत तालुक्याला जाई, तिथून जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत. तंबूतली धूळ ही तिची सर्वांत मोठी शत्रू. डब्याचे झाकण घट्ट बसवणे आणि रीळ जमिनीवर न ठेवणे, एवढ्यानेही तिचे आयुष्य वाढत असे.

पायाच्या द्रव्यानुसार काळजी बदलते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म पेटली की स्वतःच ऑक्सिजन पुरवते, म्हणून ती पाण्याखालीही विझत नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून मूक व आरंभीच्या बोलपटांची अनेक रिळे गेली. नायट्रेटनंतर आलेली ट्रायॲसिटेट फिल्म सहज पेटत नाही, पण उष्ण व दमट हवेत ती कुजते. डबा उघडताच येणारा व्हिनेगरचा वास ही त्याची खूण असून अशी रिळे इतरांपासून वेगळी ठेवतात. पॉलिएस्टर फिल्म सहसा तुटत नाही. अडकली तर यंत्रच मोडते. तिला सिमेंट चिकटत नाही, त्यामुळे जोड टेपने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने देतात. शिवाय स्थितिक विजेमुळे ती धूळ ओढून घेते.

संग्रहालये आपल्या प्रती सहसा दोन प्रोजेक्टरांवर आळीपाळीने रिळे लावूनच दाखवू देतात. कारण सगळी रिळे एकत्र जोडून मोठ्या आडव्या तबकडीवर चालवायची तर प्रत्येक रिळाची टोके कापावी लागतात. प्रत पाठवताना आणि परत आल्यावर रिळागणिक जोड, फाटलेली छिद्रे व ओरखडे मोजून तपासणीपत्रकात नोंदवले जातात.