पिठाच्या गिरणीतलं पोटेन्शियल

चार्जरवर ५ व्होल्ट लिहिलेलं असतं. व्होल्ट म्हणजे दोन जागांमधल्या विभवाचा, अर्थात पोटेन्शियलचा फरक, हे बारावीत आपण सगळ्यांनीच घोकलंय. पण विजेच्या गणितात हे नाव आणणारा माणूस पिठाची गिरणी चालवायचा, हे कुणी सांगितलं होतं का?

जॉर्ज ग्रीन, मुक्काम नॉटिंगहॅम, इंग्लंड. शाळा जेमतेम वर्षभर. मग वडिलांची बेकरी आणि पवनचक्की.

१७८५ मध्ये फ्रान्सच्या कुलॉमने मोजून दाखवलं होतं की दोन विद्युतभारांमधलं अंतर दुप्पट केलं की बल पाव होतं. दोनच भार असतील तर ठीक. शंभर असले तर? प्रत्येक बलाची दिशा वेगळी, बेरीज करता करता डोक्याचा भुगा!

यावर लाप्लास, प्वासाँ या फ्रेंच मंडळींकडे युक्ती होती. प्रत्येक भाराला त्याच्या अंतराने भागा आणि सरळ बेरीज करा. प्रत्येक बिंदूला एकच आकडा, दिशाबिशा काही नाही. तो आकडा कुठल्या बाजूला किती झपाट्याने उतरतो ते पाहिलं की विद्युतक्षेत्र हातात. म्हणजे तीन आकड्यांचं काम एकात!

गंमत बघा. दोन सारख्या धन भारांच्या बरोबर मध्ये क्षेत्र शून्य, पण विभव दुप्पट. त्यातला एक ऋण करा, की विभव शून्य आणि क्षेत्र दुप्पट!

ग्रीनने ही युक्ती उचलली, तिला नाव दिलं आणि तिच्यावर विजेचं अख्खं गणित उभं केलं. १८२८ मध्ये निबंध स्वतःच छापला. किंमत साडेसात शिलिंग, वर्गणीदार ५१. गणितज्ञांच्या जगात मात्र सामसूम.

चाळिशीत, १८३३ मध्ये, साहेब केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८३७ च्या परीक्षेत चौथे आले. १८४१ मध्ये गेले. निबंध तसाच पडून.

१८४५ मध्ये विल्यम थॉमसन नावाचा वीस वर्षांचा पोरगा (पुढे लॉर्ड केल्व्हिन) तो निबंध शोधत होता. एका लेखात त्याने फक्त उल्लेख वाचलेला. प्रती निघाल्या कुठे, तर केंब्रिजमधल्या त्याच्याच शिक्षकाकडे! तो निबंध घेऊन पॅरिसला गेला, तिथल्या गणितज्ञांना दाखवला आणि १८५० पासून बर्लिनच्या क्रेले जर्नलमध्ये छापून आणला. तोवर ग्रीनला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

पवनचक्की मात्र दुरुस्त होऊन अजून उभी आहे. कधी नॉटिंगहॅमला ऑनसाइट गेलात तर जरूर बघा.