नाना फडणवीसांचा खजिना गेला, बेलबाग राहिला : मरणोत्तर दानाचा एक इतिहास

१/ मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव आज समुद्रकासवांमुळे सर्वांना ठाऊक आहे. बाणकोटजवळचे हेच गाव पेशवाईतील भानू घराण्याचे मूळ गाव. या घराण्यातील बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस, १३ मार्च १८०० रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्या मागे अपत्य नव्हते. संपत्ती मात्र मोठी होती. त्या संपत्तीतील काय गेले, काय राहिले आणि जे राहिले ते का राहिले, हा या धाग्याचा विषय.

२/ भानूंचे दैव श्रीवर्धनच्या भट घराण्याशी जोडलेले होते. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथ भट कोकण सोडून घाटावर गेले, तेव्हा वेळासचे भानू त्यांच्यासोबत होते. पुढे भट पेशवे झाले आणि भानूंकडे फडणिशी आली. नानांचे आजोबा बाळाजी महादेव १७१९ मध्ये दिल्लीच्या दंगलीत पेशव्यांसोबत असताना मारले गेले. नानांचा जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. राज्याच्या जमाखर्चावर नजर ठेवणे हेच घराण्याचे काम. पैसा कोठून येतो आणि कोठे मुरतो, हे नानांइतके जाणणारा माणूस त्या काळात विरळाच.

३/ तरीही त्यांचा स्वतःचा पैसा सुरक्षित नव्हता. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पुण्याच्या दरबारात जो गोंधळ माजला, त्यात ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंदे यांच्या फौजेने नानांना कैद केले. अहमदनगरच्या किल्ल्यात काही महिने काढल्यावर, १७९८ च्या उन्हाळ्यानंतर ते सुटले, तेही मोठी रक्कम मोजून. धनवान माणूस म्हणजे चालता-बोलता खजिना, आणि ज्याच्या हाती फौज त्याच्या हाती त्या खजिन्याची किल्ली, असा तो काळ होता.

४/ नानांच्या मृत्यूनंतर तेच पुन्हा घडले. पदरच्या अरब शिपायांचे पगार थकलेले, दुसऱ्या बाजीरावांची आणि शिंद्यांची नजर द्रव्यावर, आणि मागे उरलेली बालवयातील पत्नी जिऊबाई. नानांचे विश्वासू धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्या ताब्यातील लोहगड हा त्यांचा आश्रय ठरला. पुढे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांच्या हमीवर जिऊबाई गड उतरल्या आणि वार्षिक १२,००० रुपयांच्या नेमणुकीवर राहू लागल्या. एकेकाळी राज्याचे हिशेब पाहणाऱ्या घराची ही स्थिती. खजिन्याच्या केवळ दंतकथा उरल्या. लोहगडावर लोक आजही ‘लक्ष्मी कोठी’ दाखवतात.

५/ आता जे राहिले त्याकडे पाहू. वेळासमधील महालक्ष्मी आणि भैरी-रामेश्वर या मंदिरांशी नानांचे नाव जोडलेले आहे. वाईजवळ मेणवलीचा कृष्णाघाट आणि तेथील मेणेश्वराचे देऊळ उभे आहे. लोहगडावर त्यांच्या काळातील बांधीव पाण्याची जागा आहे. पुण्यातील लक्ष्मीनारायणाचा बेलबाग तर आजही नांदता आहे. गणेश विसर्जनाची मिरवणूक ज्या बेलबाग चौकातून जाते, त्याला नाव या देवळाचेच. वाडे, सोने, रोकड यांना वारस शोधावा लागला. देवळे आणि घाट यांना त्याची गरज पडली नाही.

६/ नानांचे एक दान अपुरेही राहिले. काशीहून गयेच्या वाटेवर, आजच्या उत्तर प्रदेश-बिहार सीमेवर, कर्मनाशा नदी आहे. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर साठवलेले पुण्य नष्ट होते, अशी समजूत असल्याने यात्रेकरूंचे हाल होत. नानांनी नौबतपूरजवळ तेथे पूल बांधायला घेतला. नदीच्या तळाशी वाळू खोल होती, पाया धरेना, आणि काम थांबले. नाना गेले, पाया तसाच राहिला.

७/ सुमारे तीन दशकांनंतर काशीचे धनिक राजा पटनीमल यांनी खर्च उचलला आणि जेम्स प्रिन्सेप यांच्या देखरेखीखाली तो दगडी पूल पूर्ण झाला. एकाच्या संकल्पाला दुसऱ्याच्या पैशाने आणि तिसऱ्याच्या विद्येने तडीस नेले. हेतू स्पष्ट होता आणि काम सर्वांच्या उपयोगाचे होते, म्हणूनच परक्याने ते उचलले. हेच प्रिन्सेप पुढे ब्राह्मी लिपी वाचणारे म्हणून अजरामर झाले. त्या लिपीने महाराष्ट्रातील एका फार जुन्या दानाचा हिशेबही आपल्यासमोर उघडला.

८/ नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण ‘अक्षयनीवी’ म्हणून, म्हणजे कधीही न मोडायची ठेव म्हणून दिले. त्यांपैकी २,००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही. फक्त व्याज वापरायचे. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी पैसे मिळायचे. हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून नोंदवला गेला.

९/ या लेखात टिकाऊ दानाची सारी अंगे आहेत : न मोडायचे मुद्दल, ठरलेला दर, नेमके लाभार्थी, पैसा सांभाळणारी आणि माणसांहून दीर्घायुषी अशी संस्था, आणि जाहीर नोंद. धर्मशास्त्रानेही हाच विचार वेगळ्या शब्दांत मांडला. विहीर, तळे, देऊळ, अन्नछत्र ही ‘पूर्त’ कर्मे. आणि ती लोकार्पण करण्याचा विधी म्हणजे ‘उत्सर्ग’. उत्सर्गानंतर दात्याची मालकी संपते. मंडणगडशेजारच्या दापोलीत शिकलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या दुसऱ्या खंडात या विषयाचे सविस्तर विवेचन केले आहे.

१०/ नानांच्या खजिन्याचे आणि बेलबागेचे दैव वेगळे का झाले, याचे उत्तर येथे सापडते. खजिना अखेरपर्यंत नानांचा होता. म्हणून नाना गेल्यावर तो बळवंताचा झाला. देऊळ मात्र जिवंतपणीच देवाचे झाले होते. जे स्वतःचे उरलेले नाही, ते स्वतःच्या मरणाने पोरके होत नाही. पेशवाईतील लूटमार करणाऱ्यांनाही देवस्थानाच्या उत्पन्नाला हात घालताना लोकापवादाचे भय वाटे. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनामांची छाननी सुरू झाली, तेव्हा या भयाची जागा कागदाने घेतली. ज्याची सनद स्पष्ट, त्याचे इनाम भक्कम.

११/ मृत्युपत्र ही मात्र आपल्याकडे तुलनेने नवी गोष्ट. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण नाही. हिंदू मृत्युपत्रांना कायद्याची चौकट मिळू लागली ती १८७० च्या अधिनियमाने. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने ती सर्वसमावेशक झाली. आज हिंदू व्यक्तीचे मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण सही आणि दोन साक्षीदार अनिवार्य आहेत. मृत्युपत्र नसेल, तर संपत्ती कायद्याने ठरलेल्या वारसांकडे जाते. मनातल्या शाळेला वा दवाखान्याला त्यातून काही मिळत नाही. सार्वजनिक न्यासांची नोंद व देखरेख १९५० च्या अधिनियमाने धर्मादाय आयुक्तांकडे आली. उषवदाताच्या नगरसभेचे काम आज हे कार्यालय करते.

१२/ तरीही केवळ कागद पुरत नाही. ‘दरसाल इतके रुपये’ असे ठरवून दिलेले वर्षासन महागाईपुढे झिजते. एकेकाळी वर्षभराच्या नंदादीपाला पुरणारी रक्कम आज एका दिवसाच्या तेलालाही पुरत नाही. म्हणून जाणते दाते रकमेऐवजी उत्पन्नाचा हिस्सा लिहून ठेवतात, आणि मूळ हेतू अशक्य झाला तर जवळचा कोणता हेतू चालेल, तेही नमूद करतात. सांभाळणारा विश्वस्त एकटा नसावा, हीसुद्धा जुन्या अनुभवाची शिकवण. म्हणूनच उषवदाताने पैसा एका सावकाराकडे न ठेवता श्रेणींकडे ठेवला.

१३/ मंडणगडच्या कित्येक गावांत आज दारांना कुलपे आहेत. मुंबईला गेलेल्या पिढीच्या मागे घर, आंब्याची कलमे, थोडी जमीन एवढेच उरते, आणि मुले परदेशी असली वा नसलीच, तर ‘याचे पुढे काय’ हा प्रश्न उरतो. तो वेळासच्या एका निपुत्रिक मुत्सद्द्यालाही पडलाच असेल. राज्यभराचा हिशेब चोख ठेवणाऱ्या त्या माणसाच्या खात्यात शेवटी शिल्लक दिसते ती जिवंतपणी देऊन टाकलेल्या गोष्टींची : एक घाट, काही देवळे, आणि दुसऱ्याने पुरा केलेला एक पूल. (समाप्त)