कोरड्या तळ्यातील बेट

नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या इतिहासात जो मान भुईकोट किल्ल्याला लाभला, तो फराहबागेच्या वाट्याला आला नाही. शहराच्या आग्नेयेस, सोलापूर रस्त्याच्या बाजूला, एका विस्तीर्ण खोलगट जागेच्या मधोमध ही अष्टकोनी वास्तू उभी आहे. ती खोलगट जागा म्हणजे पूर्वीचे तळे. हा महाल मुळात बांधला गेला तो बेट म्हणून.

मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ साली, सलाबतखानाने तो पूर्ण केला. त्याआधी नियामतखानाने केलेले बांधकाम शहाला रुचले नाही आणि ते पाडण्यात आले, असे इतिहासकार सांगतात. एकांतप्रिय शहाला लोक ‘दिवाणा’ म्हणत. चहूकडे पाणी आणि मध्ये महाल, एकांताला याहून अनुकूल स्थान कोणते असणार?

परंतु आपणांस शहाच्या लहरीपेक्षा त्या पाण्याचा विचार अधिक करावयास हवा. उदेपूरला पिछोला तलाव आधी होता, त्यातले महाल मागाहून आले. नगरला सारेच उलटे. हा मुलूख पर्जन्यछायेतला. सीना नदीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते. अशा ठिकाणी बेट हवे तर प्रथम पाणी आणणे भाग होते. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा भोवतालच्या गावांकडून खापरी नळांनी पाणी आणण्याची व्यवस्था निजामशाहीत उभी राहिली. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून ते चुन्याच्या बांधकामात गाडलेले असत. पाणी केवळ उताराने वाहे, आणि हवा कोंडू नये म्हणून मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवलेले असत. अशाच नळांवर राजवाड्यांप्रमाणे शहरातील हौदही भरत. बाग राजाची खरी, पण जलविद्या नगरीची होती.

मात्र असे नळ एकदा बांधून भागत नाही. त्यांतील गाळ उपसावा लागतो, फुटले खापर बदलावे लागते. १६३६ साली निजामशाही संपली, आणि ही निगा राखणारी राजसत्ता गेली. दगडचुन्याच्या भिंती टिकल्या, तळे आटले.

आजही फराहबागेच्या जीर्णोद्धाराचा विषय निघतो तेव्हा बोलणे होते ते घुमटाचे, कमानींचे आणि गिलाव्याचे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे अर्धेच काम आहे. नागरिकांसाठी तेथे उद्यान करावयाचे असेल, तर मोजणी महालापासून नव्हे, पाणी जेथून येत होते त्या उतारापासून सुरू करावी लागेल. नाहीतर टँकरच्या पाण्यावर हिरवळ राखावी लागेल, तीही शेजारच्या गावांत हंडे रांगेत असताना.