तीन पेन्सांची जकात

इंग्लंडनें आपल्या अमेरिकन वसाहतींवर कर कां बसविले, या प्रश्नाचें उत्तर बहुधा ‘जुलूम’ या एकाच शब्दांत दिलें जातें. परंतु त्या काळचा जमाखर्च पाहिला म्हणजे गोष्ट इतकी सोपी वाटत नाहीं.

इ. स. १७६३ मध्यें सप्तवार्षिक युद्ध संपलें. फ्रेंचांचा कॅनडा इंग्लंडच्या हातीं आला. पण राष्ट्रीय कर्ज सुमारें ७ कोटी पौंडांवरून १३ कोटींवर गेलें. सरकारी खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग व्याजांतच जाऊं लागला. शिवाय नव्या मुलुखाच्या बंदोबस्तासाठीं सुमारें १०,००० सैनिक अमेरिकेंत ठेवण्याचें ठरलें. स्वदेशीं करभार आधींच जड झाला होता. तेव्हां ज्यांच्या रक्षणासाठीं फौज, त्यांनीं तिच्या खर्चाचा कांहीं वांटा उचलावा, असें मुख्य मंत्री ग्रेनव्हिल यानें ठरविलें.

१७६५ सालीं दस्तऐवज, वर्तमानपत्रें, खेळण्याचे पत्ते इत्यादींवर स्टँपाचा कर बसला. असा कर खुद्द इंग्लंडांत १६९४ पासून चालू होता. वसाहतवाल्यांचा मुख्य आक्षेप निराळाच होता. ज्या पार्लमेंटांत आपला एकही प्रतिनिधि नाहीं, त्यानें आपल्या खिशांत हात कोणत्या अधिकारानें घालावा, असें ते विचारूं लागले.

१७६६ मध्यें हा कायदा रद्द झाला. पण वसाहतींसाठीं वाटेल तो कायदा करण्याचा आपला हक्क पार्लमेंटानें त्याच दिवशीं जाहीर केला. पुढें १७६७ सालीं टाउनशेंड यानें कांच, कागद, शिसें, रंग व चहा यांवर जकात बसविली. तिच्या उत्पन्नांतून गव्हर्नर व न्यायाधीश यांचे पगार द्यावे, म्हणजे ते वसाहतींच्या विधिमंडळांचे मिंधे राहणार नाहींत, असा त्याचा बेत होता. १७७० मध्यें इतर जकाती उठल्या. चहावरील पौंडामागें तीन पेन्सांची जकात मात्र राहिली. ती ठेवण्याचा ठराव मंत्रिमंडळांत आदल्या वर्षीं केवळ एका मतानें संमत झाला होता. तिजोरी भरण्यापेक्षां हक्काची निशाणी राखणें हाच त्यांतील हेतु होता.

१७७३ मध्यें आपल्या परिचयाची ईस्ट इंडिया कंपनी दिवाळ्याच्या कांठावर आली. लंडनच्या वखारींत पडून राहिलेला तिचा चहा स्वस्त दरानें अमेरिकेस पाठविण्याची मुभा तिला मिळाली. चहा स्वस्त झाला, तरी जकात कायम होती. ती दिली कीं हक्क मान्य केल्यासारखें झालें असतें! म्हणून १६ डिसेंबर रोजीं बोस्टनच्या बंदरांत ३४२ पेट्या पाण्यांत गेल्या.

इंग्लंडचा पैशाचा हिशेब कदाचित् बरोबर असेल. परंतु देणाऱ्याची संमति त्यांत कोठेंच धरलेली नव्हती. त्या एका उणिवेपायीं तेरा वसाहती त्याला गमवाव्या लागल्या.