नाव बदलले, तक्ता बदलला का?

‘हा तर खेळ, यात कसले राजकारण?’ असे म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे : नियम कोण लिहितो आणि त्यात कोणाच्या वाट्याला काय येते?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणला. टेबलाभोवती बसायचे, एक पात्र घ्यायचे आणि फासे टाकत काल्पनिक जगात साहसे करायची. पात्राला एक ‘वंश’ असतो : माणूस, एल्फ, ड्वार्फ. पहिल्या नियमांत माणसाच्या प्रगतीला मर्यादा नव्हती. ड्वार्फला मात्र फक्त योद्धा होता येई, तेही सहाव्या पातळीपर्यंत. पुढे कितीही पराक्रम करा, बढती नाही. कारण? जन्म.

१९७८ च्या पुस्तकात हाफ-ऑर्क आला. आईबापांपैकी एक माणूस, एक ऑर्क. त्याची ताकद एकने जास्त, प्रभाव दोनने कमी. धर्मगुरू म्हणून तो चौथ्या पातळीवर अडे. भाडोत्री मारेकरी म्हणून मात्र त्याला वाट मोकळी! कोणता वंश कोणाचा द्वेष करतो, याचाही तक्ता त्याच पुस्तकात होता. या साऱ्याचे समर्थन ‘खेळाचा समतोल’ असे केले गेले. उतरंडीला असे गोंडस नाव नेहमीच मिळते.

१९८९ मध्ये हाफ-ऑर्क मुख्य पुस्तकातून गाळला गेला. २००० मध्ये तो परतला आणि पातळीच्या मर्यादाही गेल्या. आता कोणीही काहीही होऊ शकत होता. पण हाफ-ऑर्कच्या माथी ‘बुद्धिमत्ता उणे दोन’ मारले होतेच. दार उघडायचे आणि पायात बेडी ठेवायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे. २००८ च्या मुख्य पुस्तकातून असे उणे गुण गेले. २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्कची बुद्धी पुन्हा उणे दोन झाली.

जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर २०२० मध्ये अमेरिका पेटली, तेव्हा कंपनीने ऑर्कचे चित्रण बदलण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी वंशाचे वाढीव गुण हवे तिथे लावण्याची मुभा मिळाली. २०२४ च्या पुस्तकात ‘रेस’ऐवजी ‘स्पीशीज’ हा शब्द आला आणि वाढीव गुण वंशाकडून ‘पार्श्वभूमी’कडे गेले.

हे पाऊल आम्ही मोलाचे मानतो. पार्श्वभूमी खेळाडू स्वतः निवडतो, ती जन्माने लादलेली नाही. पण तक्ता वाचा. शेतकऱ्याला वाढवता येतात ताकद, काटकपणा आणि शहाणपण. सरदाराला ताकद, बुद्धिमत्ता आणि प्रभाव. शेतकऱ्याच्या यादीत बुद्धिमत्ता नाही. जन्माची जागा धंद्याने घेतली. जन्म आणि धंदा यांची गाठ कशी बसते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून मित्रहो, कोणतीही व्यवस्था ‘आम्ही बदललो’ म्हणाली, की नवा शब्द ऐकून टाळ्या वाजवू नका. आधी तक्ता मागा.