यजमानाचं आयुष्य, पाहुण्याचं वय

मे 1991 मध्ये 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकी मालिकेचा 'द होस्ट' हा भाग प्रसारित झाला. त्यात ओडान नावाचा एक मध्यस्थ राजदूत जखमी होऊन यानाच्या दवाखान्यात येतो आणि डॉ. बेव्हर्ली क्रशर यांना त्याच्या पोटात दुसराच एक जीव सापडतो. तह घडवणारा, क्रशरवर प्रेम करणारा ओडान म्हणजे तो आतला जीव. बाहेरचा देह नुसता यजमान. देह जातो, जीव उरतो. काही काळ तो रायकर या अधिकाऱ्याच्या पोटात मुक्काम करतो आणि शेवटी एका तरुणीच्या देहात जातो. प्रेम नेमकं कोणावर होतं, हा प्रश्न त्या भागाने फार हळुवारपणे मांडला. आपल्याकडच्या परकायाप्रवेशाच्या कथांत परतायला स्वतःचा देह कुठेतरी जपून ठेवलेला असतो. ओडानला तशी सोय नाही. एक देह संपला की दुसरा, मग तिसरा. हे किती काळ चालायचं, याबद्दल मात्र त्या भागात अवाक्षर नव्हतं, आणि चाहत्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

सहजीवी परग्रहवासी किती जगतात, या हिशोबाला पुष्कळ जण रिकामटेकडेपणा समजतात. मला ते पटत नाही. दोन जीव एका देहात राहतात तेव्हा आयुष्याचा आकडा हाच त्यांच्यातला करार असतो. कोण कोणाच्या जिवावर जगतो, बदल्यात काय देतो, कोणाचं मरण दोघांचं आणि कोणाचं एकट्याचं, हे सगळं त्या आकड्यात दडलेलं असतं. लेखक तो करार बहुधा अर्धवट लिहून सोडतात. चाहत्यांचे तर्क म्हणजे तो पूर्ण वाचण्याची धडपड आहे, आणि अशा वाचनाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

रोनाल्ड नॉक्स यांनी 1911 मध्ये ऑक्सफर्डला शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. धर्मग्रंथांची चिकित्सा करणारे पंडित जसे पाठभेद आणि विसंगती टिपतात, तशी त्यांनी होम्सकथांची छाननी केली. 1934 मध्ये न्यूयॉर्कला 'बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स' ही मंडळी जमली आणि वॉटसनला गोळी खांद्याला लागली की पायाला, यावर गांभीर्याने लिहू लागली. महाभारत वाचणाऱ्याला ही रीत परकी वाटू नये. 'युगान्त'मध्ये इरावती कर्वे यांनी भीष्माच्या वयाचा हिशोब मांडला, कारण सेनापती होताना तो किती म्हातारा होता हे कळल्याशिवाय त्या पर्वाचा अर्थच लागत नाही. आकडा तिथे अर्थापर्यंत नेणारी वाट असतो.

विज्ञानकथेत या रीतीला उघड परवाना दिला तो हॅल क्लेमेंट यांनी. हे शाळेत विज्ञान शिकवणारे गृहस्थ. जून 1953 च्या 'अस्टाउंडिंग' मासिकात त्यांनी 'व्हर्लिगिग वर्ल्ड' हा लेख लिहिला आणि आपल्या 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' या कादंबरीतला ग्रह कसा बेतला ते सांगितलं. विज्ञानकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला खेळ आहे, लेखकाने शक्य तितकं अचूक लिहावं आणि वाचकाने चूक शोधावी, असं त्यांचं म्हणणं. वाचकांनी ते मनावर घेतलं. लॅरी निव्हन यांच्या 'रिंगवर्ल्ड'मधलं सूर्याभोवतीचं प्रचंड कडं आपल्या जागी स्थिर राहूच शकत नाही, हे 1971 मध्ये बॉस्टनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात विद्यार्थ्यांनी घोषणा देत सांगितलं. निव्हन यांनी ती चूक मानली आणि 1980 मध्ये ती सुधारणारी पुढची कादंबरी लिहिली.

याच क्लेमेंट यांच्या 'नीडल' या कादंबरीतला सहजीवी आपल्या विषयाचा मूळपुरुष म्हणावा लागेल. 1949 मध्ये ती मासिकात क्रमशः आली, 1950 मध्ये पुस्तकरूपाने. 'हंटर' नावाचा जेलीसारखा, जेमतेम दोन किलो वजनाचा परग्रहवासी एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या शरीरात राहतो. त्याच्या पेशी इतक्या सूक्ष्म की मुलाच्या पेशींमधल्या फटींतून तो सहज पसरतो. तो जखमा बुजवतो, रोगजंतू मारतो. यजमानाला इजा करायची नाही हा त्याच्या जमातीचा धर्म. वाचताना वाटतं, असा पाहुणा मिळाला तर माणूस शंभरी पार करेल. क्लेमेंट यांनी 1978 मध्ये 'थ्रू द आय ऑफ अ नीडल' लिहून याच समजुतीला हात घातला. मुलगा आता तरुण झाला आहे आणि त्याचं शरीर ढासळत चाललं आहे. कारण आतला पाहुणाच. हेतू चांगला, काळजी मनापासून, तरीही दोन परक्या देहांची रसायनं इतकी वर्षं एकत्र राहिली की यजमानाच्या आयुष्यावरच गदा येते. सहजीवनाच्या आयुर्मानाचा प्रश्न इतक्या प्रामाणिकपणे मांडणारं याआधीचं दुसरं पुस्तक माझ्या डोळ्यांसमोर येत नाही.

दूरचित्रवाणीने हा छंद घरोघर नेला. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या चाहत्यांनी 'स्पॉकनालिया' हे केवळ 'स्टार ट्रेक'ला वाहिलेलं पहिलं हौशी नियतकालिक काढलं. स्टेन्सिल कापून छापलेल्या त्या पानांवर व्हल्कन जमातीचं शरीर, मन, चालीरीती यांची चर्चा झाली. त्याच वर्षी त्या जमातीतल्या स्पॉकच्या वडिलांचं, सारेकचं वय पडद्यावर 102 सांगितलं गेलं होतं. 1990 मध्ये सारेक पुन्हा आला तेव्हा तो 202 वर्षांचा, आजाराने मन हातातून निसटत चाललेला म्हातारा होता. चाहत्यांच्या वहीत वयाची नोंद होती म्हणूनच त्या भेटीला इतकं वजन आलं.

ओडानच्या जमातीकडे, ट्रिलांकडे परत येऊ, कारण खरा ऐवज तिथे आहे. 1993 मध्ये सुरू झालेल्या 'डीप स्पेस नाइन' या 'स्टार ट्रेक' मालिकेत टेरी फॅरेल यांनी जॅडझिया डॅक्स ही ट्रिल अधिकारी साकारली. तिच्यातला डॅक्स हा सहजीवी तीनशे वर्षांहून मोठा. लीला, टोबिन, एमनी, ऑड्रिड, टोरायस, कर्झन असे तिच्या आधीचे यजमान, आणि पुढे उघड झालेला, दडवून ठेवलेला जोरान. म्हणजे सात देहांत तीनशेहून अधिक वर्षं, सरासरी पंचेचाळीस-पन्नासची. ही सरासरी पाहून अनेकांनी तर्क केला की सहजीवी यजमानाला लवकर संपवतो. पण जोरानला डॅक्स मिळाला होता अवघे सहा महिने आणि टोरायस यानाच्या अपघातात गेला. हे दोघे बाजूला काढले की उरलेल्या पाच जणांच्या वाट्याला साठेक वर्षं येतात. कर्झनकडे तर डॅक्स ऐंशीच्या आसपास वर्षं होता. उमेदवार विशी-पंचविशीत सहजीवी स्वीकारतो हे धरलं तर यजमानाचं आयुष्य सहजीवीमुळे घटत नाही आणि वाढतही नाही. त्याला आठवणी मिळतात, वर्षं नाहीत. उलट 93 तास उलटले की दोघांची गाठ अशी बसते की सहजीवी काढला तर यजमान जगत नाही. विशीतल्या मुलाने सही करायचा करार तो हा.

त्यात आणखी एक आकडा घाला. 1994 मधल्या एका भागात कळतं की दरवर्षी पाच हजार पात्र उमेदवार रांगेत असतात आणि सरासरी तीनशे सहजीवी उपलब्ध होतात. वर्षाला तीनशे आणि प्रत्येक जोडी पन्नास-साठ वर्षांची, म्हणजे एका वेळी साऱ्या ग्रहावर पंधरा ते अठरा हजार जोडलेले ट्रिल. एका तालुक्याच्या गावाइतके. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'इक्विलिब्रियम' हा भाग आला. हजारात एखादाच सहजीवी पेलू शकतो, असं ट्रिलांच्या सहजीवन आयोगाने लोकांना सांगितलेलं असतं. खरं तर जवळपास निम्मी प्रजा त्यासाठी योग्य असते. हे बाहेर फुटलं तर सहजीवींचा बाजार मांडला जाईल, म्हणून आयोग खोटं बोलतो आणि जोरानचं अस्तित्वच पुसून टाकतो. त्या भागात गुहेतली दुधाळ पाण्याची कुंडं दिसतात. पाण्याखाली सहजीवी सावकाश पोहतात, रखवालदार काठावर बसून त्यांची काळजी घेतात. ते दृश्य सुंदर आहे. पण पंधरा हजारांचा हिशोब डोक्यात असलेल्या प्रेक्षकाला त्या कुंडांत रेशन दुकानाचं बंद गोदाम दिसतं. अनेक जन्मांचं शहाणपण ज्यांना मिळतं ते मूठभर, आणि कोणाला मिळावं हे ठरवणारेही मूठभर. वयाच्या बेरजेतून निघालेली वाट थेट न्यायाच्या प्रश्नापाशी येते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की या गोष्टी दूरचित्रवाणीच्या गरजेतून घडतात. टेरी फॅरेल यांनी मालिका सोडली म्हणून 1998 मध्ये जॅडझिया मेली आणि डॅक्स एझ्रीकडे गेला. ओडानच्या कपाळावर उंचवटे होते, जॅडझियाच्या अंगावर ठिपके आले, कारण रंगभूषा बदलली. मग यात अर्थ शोधायचा कशाला? आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. उंचवटे आणि ठिपके म्हणजे ट्रिलांचे दोन वंश, असा तर्क केवळ ठिगळ लावतो; त्यातून कथेबद्दल नवं काही कळत नाही. पण जॅडझियाचं मरण निराळं. अभिनेत्री कोणत्याही कारणाने गेलेली असो, कथेत एक तरुण यजमान अकाली जाते आणि कोणतीही तयारी नसलेल्या एझ्रीला डॅक्सचा जीव वाचवण्यासाठी आपलं शरीर द्यावं लागतं. सहजीवीचं आयुष्य लांब असण्याची किंमत कोण मोजतं, हे तिथे सोळा आणे दिसतं. कारण पडद्यामागचं असलं तरी परिणाम पडद्यावरचा आहे, आणि वाचक परिणामच वाचतो. 2024 मध्ये 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी'त बिक्स या सहजीवीतल्या आठशे वर्षांपूर्वीच्या यजमानाची, जिनालची जाणीव पुन्हा बोलती झाली. म्हणजे डॅक्सची तीन शतकं ही मर्यादा नव्हती. जुना हिशोब मोडला नाही, फक्त त्याची वरची ओळ सरकली.

दुसरा आक्षेप जीवशास्त्राचा: पोटातला पाहुणा यजमानाचं आयुष्य वाढवेल, ही कल्पनाच भाबडी आहे. निसर्गाने याला उत्तर दिलेलं आहे. 2021 मध्ये जर्मन संशोधकांनी टेम्नोथोरॅक्स नायलँडेरी या मुंग्यांबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका पट्टकृमीची बाधा झालेल्या कामकरी मुंग्या बाकीच्यांपेक्षा किमान तिप्पट जगतात. त्या काम करत नाहीत, वारुळातल्या इतर मुंग्या त्यांना भरवतात. कृमीला पुढे जायचं असतं सुतारपक्ष्याच्या पोटात. पक्षी वारूळ फोडेपर्यंत मुंगी जिवंत राहणं ही त्याची गरज. यजमानाला मिळालेली वर्षं खरीच असतात, पण ती पाहुण्याच्या सोयीची असतात. ऑक्टेव्हिया बटलर यांनी हे 1984 मध्येच 'ब्लडचाइल्ड' या कथेत ओळखलं होतं. परग्रहावरच्या ट्लिक या जमातीची अंडी माणसांच्या देहात वाढतात, आणि त्यांची वांझ अंडी खाल्ली की माणसाचं आयुष्य वाढतं. कथानायकाच्या वडिलांनी ती कधी नाकारली नाहीत आणि ते दुपटीहून जास्त जगले. आई नाकारत राहते आणि थकत जाते. त्या नकारात जी ताकद आहे ती कळायला आयुष्याचा हिशोब यावा लागतो.

'स्टारगेट एसजी-1'मध्ये हा करार सर्वांत उघडपणे लिहिला गेला. 1997 पासूनच्या या मालिकेतले गोआउल्ड हे सापासारखे सहजीवी माणसांचे देह बळकावतात आणि एका यंत्रपेटीत झोपून हजारो वर्षं राज्य करतात. त्यांचीच पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारे जाफा योद्धे त्या बदल्यात दीर्घायुषी होतात. म्हातारा ब्राटॅक पहिल्या भेटीतच 133 वर्षांचा असतो. त्यांच्याशी फारकत घेतलेले टोकरा देह मागून घेतात, बळकावत नाहीत, आणि मन नासवणारी ती पेटी वापरत नाहीत. टोकरांचा यजमान दोनेकशे वर्षं जगतो. पेटी आयुष्य वाढवते ते यजमानाचं की सहजीवीचं, यावर तर्कांची कमतरता नव्हती. माझ्या मते निर्णायक पुरावा सेल्माक. पेटीला कधी न शिवलेला हा टोकरा दोन हजार वर्षांवर वयाचा होऊन म्हातारपणाने जातो, तर गोआउल्डांचे राजे त्याच्या कितीतरी पट जगलेले असतात. म्हणजे पेटी दोघांचंही वाढवते, आणि टोकरांनी ती नाकारली तेव्हा स्वतःचंच आयुष्य कापून दिलं. त्यांची राणी एजेरिया गेल्यावर नवी पिल्लंही नाहीत. प्रत्येक टोकराच्या मृत्यूबरोबर जमात एकाने कमी होते.

1998 मधल्या भागात सेल्माकची जुनी यजमान सरूश बिछान्यावर शेवटचे श्वास मोजत असते आणि शेजारी जेकब कार्टर उभा असतो, कर्करोगाने पोखरलेला. दोन मरणारे जीव एकमेकांना विचारून घेतात. जेकब तोंड पुढे करतो, सेल्माक सरूशच्या देहातून त्याच्या देहात सरकतो, सरूश जाते, कर्करोग जातो. 2005 मध्ये सेल्माकचं म्हातारपण येतं आणि तो बेशुद्धीत जातो. वेळीच वेगळं झालो असतो तर जेकब वाचला असता, पण हातातली लढाई संपेपर्यंत दोघे एकत्र राहिलेले असतात. जेकब मुलीला हे शांतपणे सांगतो. त्याला सात वर्षं जास्तीची मिळाली होती, आणि ती कोणाच्या आयुष्यातून आली हे त्याला ठाऊक होतं.